गोणीला गाडी

"ठेवा. आधी त्यांना खाली ठेवा," ती मुलगी ओरडलीच.

"कुठं ठेवू? जमिनीवर?"

आत्तींना दोन्ही हातांवर घेऊन मी न्हाणीच्या उंबऱ्याशी उभी होते. एक पाय आत, एक बाहेर. त्या मुलीनं धावत जाऊन स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची आणली, माझ्या पोटाशी टेकवली, आणि आम्ही दोघींनी मिळून आत्तींना तिच्यात बसवलं.

"नको," आत्ती म्हणाल्या.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या जयसिंगपूर भागात सासूला आत्तीच म्हणतात. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उरला तो एक शब्द, नको. जेवण दिलं तरी नको, पंखा लावला तरी नको. घरात सगळे म्हणायचे, म्हातारीला काही कळत नाही, नुसतं नको नको करते.

ती मुलगी मिरजेच्या दवाखान्यातून आलेली फिजिओथेरपिस्ट, तबस्सुम मुजावर. आत्तींच्या हातापायांचे व्यायाम शिकवायला आली होती. पण आल्यापासून तिचं लक्ष माझ्याकडेच होतं.

"रोज असंच उचलता?"

"रोज. सकाळी न्हाणीत. मग देवघरात दर्शनाला. मग पाहुणे येतात म्हणून बाहेरच्या खोलीत. मग परत खाटेवर."

"एकट्याच?"

मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा बोलला. नाव सुकुमार. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नव्हते, आता घेते.

"ती कुणाला हातच लावू देत नाही आईला. फार जीव तिचा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे मी कधी म्हटलं होतं? आत्तींना घेऊन मी दारातून वळले की हे पेपर थोडा बाजूला घ्यायचे, माझी वाट मोकळी व्हावी म्हणून. वरच्या मजल्यावरचे धाकटे दीर, धनपाल भावजी, जिन्यातच थबकायचे आणि म्हणायचे, "वैनी, जपून हं." माझी जाऊ सांगलीच्या शाळेत शिकवायची, पहाटे जायची, दिवेलागणीला यायची; तिला मी काय बोलणार? पण हे दोघे घरातच असत. दुकान रस्त्यापलीकडे. आईला हात लावायला दोघांपैकी एकही कधी पुढं आला नव्हता, आणि आता ते माझ्या आत्तींवरच्या जिवाखाली झाकून टाकलं होतं.

मुजावर मॅडमनी मला खाटेवर आडवं व्हायला लावलं. नवऱ्यासमोर आडवं व्हायची मला लाज वाटली, पण तिच्या आवाजात काही वेगळं होतं. तिनं माझा डावा पाय धरला.

"अंगठा वर उचला."

मी उचलला.

"उचला की."

"उचललाय."

"नाही उचलला, ताई. बघा."

मी मान वर करून बघितलं. उजव्या पायाचा अंगठा वर आलेला. डावा होता तिथंच.

"चालताना चप्पल निसटते का?"

"निसटते. मला वाटलं, चप्पलच सैल झालीय."

तिनं माझा पाय खाली ठेवला. मग सुकुमारना म्हणाली, "ह्यांच्या मणक्यातली शीर दाबली गेलीय. आजच सर्जनला दाखवा. आणि असंच चालू राहिलं तर आईंच्या शेजारी दुसरी खाट लावावी लागेल, तयारी ठेवा."

मग तिनं एकेक सांगितलं. ही खाट गुडघ्याएवढी आहे, हिच्या पायाखाली लाकडी ठोकळे द्या, कमरेएवढी उंच करा, म्हणजे वाकायलाच नको. अंगाखाली घडी केलेली चादर कायम असू द्या. दोघांनी दोन बाजूंनी चादर धरायची आणि माणूस सरकवायचा. वळायचं ते पाय फिरवून, कंबर पिळून नाही. चाकाची खुर्ची आणा. न्हाणीचा उंबरा काढून टाका, खुर्ची थेट आत जाईल.

"उचलायचंच नाही हो," ती म्हणाली. "सरकवायचं, वळवायचं, ढकलायचं. अगदीच उचलायची वेळ आली तर दोघांनी, अंगाजवळ धरून, गुडघ्यात वाकून. तुमचं कशाचं दुकान आहे?"

"खताचं," सुकुमार म्हणाले.

"गोण्या कोण हलवतं?"

"हमाल. पण आता ढकलगाडी घेतलीय आम्ही. मागं हमाल काम टाकून बसले होते, पाठीवर घेणार नाही म्हणून. घ्यावी लागली."

"मग घरात?"

सुकुमार हसले. "आई काय गोणी आहे व्हय, मॅडम?"

मुजावर मॅडम हसली नाही. निघताना दारात मला म्हणाली, "ताई, आजपासून एकटीनं उचलू नका. कुणी येईपर्यंत बसून राहा."

ती गेली आणि घरात पंचायत बसली. तिचं वय काय, अनुभव काय, इथपासून सुरुवात. "आमच्या आईनं डोक्यावरनं वैरणीचे भारे वाहिले, तिला कुठं काय झालं?" सुकुमार म्हणाले. ठोकळे द्यायचे तर खाट दवाखान्यातल्यासारखी दिसेल, येणारे-जाणारे काय म्हणतील? चाकाची खुर्ची आणली तर समाजात बोभाटा, सुनेला सासू जड झाली म्हणून गाड्यावर घातली.

"आणि उंबरा?" मी विचारलं.

"घराचा उंबरा फोडतात का कधी, वैनी?" भावजी म्हणाले.

"न्हाणीचा आहे तो, भावजी."

"न्हाणीचा असला म्हणून काय झालं?"

ऐपत नव्हती असं कुणी म्हणू नये. ऐपत होती. खाटेचे पाय उंच करायला चार लाकडी ठोकळे लागतात, आणि ते दुकानाच्या मागच्या पडवीत पावसाळ्यापासून पडून होते.

सर्जनला दाखवलं. त्यानं कमरेला पट्टा दिला, गोळ्या दिल्या, वजन उचलू नका म्हणाला. सुकुमार बाजूला बसून मान डोलावत होते. घरी आल्यावर पट्टा बांधून मी आत्तींना उचललं, कारण त्या ओल्या होत्या आणि बाकी सगळे जेवत होते.

ह्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. भावजींनी माझा एक फोटो काढला होता. मी आत्तींना हातावर घेऊन देवघरात उभी, आत्तींचं डोकं माझ्या खांद्यावर. माझ्या तोंडावर जे होतं ते दुखणं होतं. लोकांना ती भक्ती वाटली. भावजींनी फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली लिहिलं, "अशी सून घरोघरी असावी." हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. त्या फोटोवरून महिला मंडळानं माझा सत्कार ठरवला. मंडळाच्या अध्यक्षा प्रभावतीबाई चौगुले स्वतः घरी आल्या, हळद-कुंकू लावून आमंत्रण दिलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी सुकुमार म्हणाले, "उद्या आईलाही न्यायचं आहे. फोटोतल्यासारखं तू तिला घेऊन स्टेजवर यायचंस. प्रभावतीबाईंची इच्छा आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"स्टेजला पायऱ्या आहेत," मी म्हणाले.

"चार-पाच तर आहेत."

"मुजावर मॅडमनी सांगितलेलं तुम्ही ऐकलंय. सर्जनचंही ऐकलंय."

"एक दिवस गं. एका दिवसानं काय मरत नाहीस."

हे वाक्य त्यांनी रागानंही म्हटलं नाही. आरशात बघून भांग पाडता पाडता म्हटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्या माणसाच्या ताटात वाढत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या पाठीकडे बघून वाटलं, एक गोणी ठेवावी हिच्यावर.

कार्यालय भरलेलं होतं. पुढं सतरंज्यांवर बायका, मागं खुर्च्यांवर पुरुष. आत्तींना इरकल नेसवून गाडीच्या ड्रायव्हरनं आणि मी धरून आत आणलं, स्टेजच्या पायऱ्यांशी खुर्चीत बसवलं. सुकुमार आणि भावजी पहिल्या रांगेत, दोघांचे शर्ट कडक इस्त्रीचे. प्रभावतीबाई माइकवर बोलत होत्या. सासूला आई मानणारी, आजच्या काळात दुर्मीळ, हातांचा पाळणा करणारी असं काय काय.

"आता राजमतीताई आपल्या सासूबाईंना घेऊन व्यासपीठावर येतील."

टाळ्या सुरू झाल्या. मी वाकले. एक हात आत्तींच्या पाठीमागं घातला, दुसरा गुडघ्यांखाली.

"नको," आत्ती म्हणाल्या.

पाय पक्का रोवावा म्हणून मी डावा पाय पुढं घेतला, आणि मला कळेना, माझी चप्पल पायात आहे की नाही. म्हणजे पायाला कळेना. मी खाली बघितलं. चप्पल खुर्चीच्या मागं कुठंतरी राहिली होती, आणि माझं अनवाणी पाऊल फरशीवर होतं. फरशी थंड असणार. मला काहीच लागत नव्हतं.

माझ्या अंगात जे उसळलं त्याला राग म्हणणं थोडं होईल. मी हात काढून घेतले आणि सरळ उभी राहिले.

टाळ्या थोडा वेळ तशाच चालू राहिल्या, मग विरल्या.

"या ना, राजमतीताई," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"मी उचलणार नाही."

"अं?"

"मी उचलणार नाही. ह्यांना दोन मुलगे आहेत. दोघेही इथंच बसलेत." मी पहिल्या रांगेकडे वळले. "अहो, या. तुम्ही खांद्याकडनं धरा. भावजी, तुम्ही पायाकडनं."

सुकुमार दात दाबून म्हणाले, "राजमती, तमाशा नको."

"मग या की पटकन."

सगळं कार्यालय त्यांच्याकडे बघत होतं. न उठून करतात काय? दोघे उठले. सुकुमारनी आईच्या काखेत हात घातले, पण कसे, तर शर्ट चुरगळेल म्हणून हात लांब ठेवून. भावजींनी पाय धरले, बादलीची कडी धरावी तसे.

"अंगाजवळ धरा," मी म्हणाले. माइक जवळच होता, माझा आवाज सगळीकडे गेला. "शर्टाला काही होत नाही. आई आहे तुमची. आणि कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं.

त्यांनी उचललं. पहिली पायरी चढले. दुसरी चढले. सुकुमारचं तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या. पुढच्या पायरीला भावजींचा पाय अडकला, आत्ती घसरल्या, आणि सुकुमार पायरीवर धप्पकन बसले, आई मांडीवर. आत्तींना लागलं नाही. त्यांच्या खाली मुलगा होता. "मेलो, मेलो गं आई," हे सुकुमारचे शब्द माइकनं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवले.

कुणी हसलं नाही आता.

"मी हे रोज करते," मी म्हणाले. "दिवसातनं कितीदा तरी. एकटी. ह्यांच्या दुकानात खताच्या गोणीला गाडी आहे. ह्यांच्या आईला मी आहे. माझ्या पायाचा अंगठा मेलाय, त्याचाही फोटो काढा, भावजी, आणि टाका ग्रुपवर."

प्रभावतीबाई हातात शाल धरून उभ्या होत्या. काय करावं सुचेना म्हणून त्या खाली उतरल्या आणि ती शाल त्यांनी पायरीवर बसलेल्या आत्तींच्याच खांद्यावर टाकली.

घरी आल्यावर व्हायचं ते झालं. भावजी सरळ वर निघून गेले. सुकुमारनी मंडळानं दिलेलं स्मृतिचिन्ह सोफ्यावर आपटलं.

"चारचौघांत लाज काढलीस."

"चारचौघांत उचल म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"आई पडली असती!"

"रोजच पडली असती. रोज मी पडू दिली नाही. ते कुणाला दिसलं नाही, कारण माइक नव्हता."

"माहेरी जा तू."

"जाते. आईला न्हाणीत कोण नेणार, तेवढं ठरवा."

मी आत्तींकडे गेले. त्या जाग्या होत्या. मी खाटेच्या कडेला बसले आणि रागाच्या भरात, उत्तर येणार नाही हे माहीत असून, त्यांनाच विचारलं, "आत्ती, मी वाकले की तुम्ही नको म्हणता. आज मुलांनी उचललं तेव्हा नको म्हणालाच नाहीत. का?"

त्यांनी डावा हात हलवला. तो हात चाचपडत माझ्या पाठीवर आला, खाली सरकत कमरेच्या पट्ट्यापाशी थांबला. जिथं दुखायचं नेमकं तिथं. त्यांनी पट्ट्यावर बोटं दाबली.

"नको," त्या म्हणाल्या.

इतके महिने त्या माझ्याशीच बोलत होत्या. घरात त्या एकट्याच म्हणत होत्या, उचलू नको. आणि आम्ही सगळे म्हणत होतो, म्हातारीला काही कळत नाही. मी तोंडावर पदर घेतला. रडू येत होतं तेही रागाचंच.

सकाळी मी उठले, अंघोळ केली, चहा घेतला आणि आत्तींच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले.

"बसलीस काय?" सुकुमार म्हणाले.

"दुसरं माणूस यायची वाट बघतेय."

मी आत्तींना ओल्यात ठेवलं नाही. मुजावर मॅडमनी दाखवलं होतं तसं त्यांना कुशीवर वळवून चादर बदलली, अंग पुसलं, भरवलं. त्याला उचलावं लागत नाही. पण न्हाणी नाही, देवघर नाही, बाहेरची खोली नाही. पाहुणे आले, विचारलं, आई कुठायत? मी म्हणाले, आत आहेत, आत जाऊन भेटा. पाहुण्यांना आत यायचं नव्हतं. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलेली आई हवी होती. सुकुमार ओरडले, मग अबोला धरला, मग जेवण टाकलं. मी हलले नाही. हमाल कसे बसले असतील ते मला तेव्हा कळलं.

मग एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि आतून हाक आली, "राजमती!" हाक घाबरलेली होती. मी आत गेले. सुकुमारनी एकट्यानं आईला उचलायचा घाट घातला होता. अर्धं उचललं आणि अडकले. वर घेता येईना, खाली ठेवता येईना. खाट इतकी खाली की ते कमरेत पुरते दुमडलेले, आणि आई त्यांच्या गळ्याला एका हातानं लोंबकळलेली.

"जड आहे गं," ते म्हणाले.

मी पुढं झाले. आत्तींच्या पाठीखाली हात घालून त्यांना आधार दिला, आम्ही त्यांना हळूहळू खाटेवर टेकवलं. सुकुमार जमिनीवर बसले. त्यांना सरळ होता येत नव्हतं. भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "ती मॅडम कसले ठोकळे म्हणत होती?"

"दुकानामागं पडवीत आहेत तसले."

ते वाकडेतिकडेच उठले आणि ठोकळे घेऊन आले. संध्याकाळी गवंडी आला. न्हाणीचा उंबरा फोडताना धुरळा सगळ्या घरभर झाला आणि भावजी जिन्यात उभे राहून बघत होते. मी त्यांना म्हणाले, "सकाळी दुकानात जायच्या आधी खाली यायचं. चादरीचं दुसरं टोक तुमचं." ते आले. पहिले काही दिवस तोंड फुगवून आले, पण आले. चाकाची खुर्ची आली. आत्ती न्हाणीत गेल्या, देवघरात गेल्या, आणि एकदा तर मी त्यांना ढकलत कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत नेलं, जिथं झटका आल्यापासून कुणी त्यांना नेलं नव्हतं.

माझा अंगठा मात्र पूर्ण उठला नाही. आजही डाव्या पायात मी मागं पट्टा असलेली चप्पल घालते. लोक विचारतात, काय झालं? मी सांगते, आदर्श सून होते मी.

महिन्याभरानं प्रभावतीबाई घरी आल्या. मी म्हटलं, आता माझी खरडपट्टी काढणार. तर नाही. त्या बाहेरच्या खोलीत बसल्या, आत्तींची खुर्ची शेजारीच होती, आणि त्या सुकुमारना म्हणाल्या, "सगळ्या गावात चर्चा आहे बघा. स्वतःच्या हातानं आईची सेवा करणारा मुलगा! असा मुलगा लाखात एक. पुढच्या कार्यक्रमात तुमचाच सत्कार करायचं मंडळाचं चाललंय."

मी दारात उभी होते. सुकुमारनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, हा माणूस आता काय बोलतो. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी लाज आली, आली तशी गेली, आणि मग त्यांनी छाती जराशी पुढं काढली.

"छे छे, कर्तव्यच आहे ते आपलं," ते म्हणाले. "राजमती, ताईंसाठी चहा ठेव."

"गॅस संपलाय," मी म्हणाले. "भरलेला सिलिंडर मागच्या दारात आहे. आणा. उचलू नका, तिरका करून गोल फिरवत आणा."

ते जागचे हलेनात. प्रभावतीबाई माझ्याकडे बघत, मी सुकुमारकडे. तेवढ्यात आत्तींच्या घशातून कसलातरी आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला, मी पाण्याला धावले. सुकुमारही दचकून उठले.

ठसका नव्हता. झटका आल्यापासून पहिल्यांदाच आत्ती हसत होत्या, वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि डाव्या हाताचं बोट त्यांनी मागच्या दाराकडे दाखवलं होतं.

सुकुमार सिलिंडर आणायला गेले.